आधी ओळख, मग निवड : शालेय वयातील व्यवसाय-मार्गदर्शन आणि आपला समाज

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या प्रसंगी गतकाळाचे स्मरण करणे स्वाभाविक आहे आणि उचितही आहे. ज्यांनी पै-पैसा जमवून हा न्यास उभा केला, त्यांच्या पुण्याईवर आपण आज येथे बसलो आहोत. परंतु व्यापाऱ्याच्या घरी दिवाळीला जुन्या वहीचा मेळ बसला की त्याच मुहूर्तावर नव्या वहीचे पूजन होते. विश्वस्त मंडळाने मला ‘शालेय विद्यार्थी आणि व्यवसायाची निवड’ या विषयावर बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा मी तिचा अर्थ असा घेतला की, येत्या पन्नास वर्षांच्या वहीच्या पहिल्या पानावर आपण काय लिहावे, हे मी सुचवावे. मी शिक्षणतज्ज्ञ नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि कापडाचा व्यापारी आहे. तेव्हा जे बोलेन ते व्यवहाराच्या अंगाने बोलेन.

महाराष्ट्रात दहावीची पहिली शालान्त परीक्षा १९७५ साली झाली. त्यापूर्वी अकरावीला मॅट्रिक होती. म्हणजे आपला न्यास आणि दहावीची परीक्षा ही जवळजवळ एकाच वयाची भावंडे आहेत. या पन्नास वर्षांत आपण दहावी-बारावीच्या गुणवंतांचे सत्कार केले, शिष्यवृत्त्या दिल्या, वह्या-पुस्तके वाटली. परंतु दहावीनंतर मुलाने नेमके कोठे जावे, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास त्याला कोणी मदत केली, असे विचारले तर आपल्यापैकी बहुतेकांना थोडे थांबावे लागेल.

हा प्रश्न आपल्या परंपरेला नवा नाही. आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात सांगितले आहे की, कल्पवृक्षांचे युग सरले आणि लोकांना उपजीविकेची चिंता पडली, तेव्हा भगवान ऋषभदेवांनी त्यांना असि, मसि, कृषि, विद्या, वाणिज्य आणि शिल्प या सहा कर्मांचा उपदेश केला. श्वेतांबर परंपरेत पुरुषांच्या बहात्तर व स्त्रियांच्या चौसष्ट कला त्यांनी शिकवल्या, असे मानतात. आपल्या कन्यांपैकी ब्राह्मीला त्यांनी लिपी दिली आणि सुंदरीला अंकविद्या. पुत्रांनाही सरसकट एकच विद्या दिली नाही. प्रत्येकाला वेगवेगळी शास्त्रे शिकवली. ज्या समाजाच्या आदितीर्थंकरांनी मोक्षमार्ग दाखवण्यापूर्वी लोकांना उपजीविकेचे मार्ग दाखवले, त्या समाजाने व्यवसाय-मार्गदर्शनाला दुय्यम मानावे, हे शोभणारे नाही.

ती सहाही कर्मे आपल्या कृष्णाकाठच्या दोन जिल्ह्यांत आजही डोळ्यांसमोर नांदत आहेत. ‘असि’ म्हणाल तर पिढ्यान्‌पिढ्या सैन्यात मुले पाठवणारे आणि त्यामुळेच ‘मिलिटरी’ हे बिरुद नावाला जोडलेले अपशिंगे गाव सातारा जिल्ह्यात आहे. देशातील पहिली सैनिकी शाळा १९६१ साली साताऱ्यातच सुरू झाली. ‘मसि’ म्हणजे लेखणी. ती चालवणारे शिक्षक, कारकून आणि अधिकारी रयत शिक्षण संस्थेने हजारोंच्या संख्येने घडवले. ‘कृषि’ तर आपल्या बहुसंख्य बांधवांचे जीवनच आहे. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली आणि हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला ते त्याआधीच, २०१० साली मिळाले होते. ‘विद्ये’साठी सांगलीचे विलिंग्डन महाविद्यालय १९१९ पासून आणि अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ पासून उभे आहे. ‘वाणिज्य’ आपल्या घरात आहे. आणि ‘शिल्पा’साठी मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जावे, तेथील सतार व तानपुऱ्याला २०२४ साली मानांकन मिळाले.

असे असूनही नववी-दहावीच्या मुलाला विचारा की जगात कोणकोणते व्यवसाय आहेत? त्याची यादी डॉक्टर आणि इंजिनिअर या दोन शब्दांवर संपते. फार झाले तर ‘स्पर्धा परीक्षा’ हा तिसरा शब्द येतो. निकाल लागल्यापासून अकरावीचा अर्ज भरेपर्यंत जे थोडे दिवस मिळतात, त्यांत मामा, काका, शेजारी आणि शिकवणीवाले यांच्या सल्ल्याने आयुष्याची दिशा ठरते. गुण भरपूर असतील तर विज्ञान, मध्यम असतील तर वाणिज्य आणि कमी असतील तर ‘बघू काहीतरी’. साडी घ्यायला आपण चार दुकाने फिरतो. मुलाच्या चाळीस वर्षांच्या कामाचा निर्णय मात्र एका संध्याकाळी होऊन जातो.

न्यासाच्या शिष्यवृत्ती समितीत काम करताना मी हे जवळून पाहिले आहे. आपल्या अर्जाच्या नमुन्यात नाव, पत्ता, पालकांचे उत्पन्न आणि गुणांची टक्केवारी असे रकाने आहेत. मुलाखतीत “पुढे काय करणार?” असे विचारले की बहुतेक मुले “सायन्स” म्हणतात. “सायन्स घेऊन काय?” तर “नीट, नाहीतर जेईई.” “आणि ते नाही जमले तर?” या प्रश्नावर मूल वडिलांकडे पाहते आणि वडील आमच्याकडे पाहतात.

दोन अर्ज माझ्या विशेष लक्षात राहिले आहेत. तासगाव तालुक्यातील एका शेतकऱ्याच्या मुलाला दहावीला अठ्ठावन्न टक्के गुण होते. बेदाण्याच्या शीतगृहात वडिलांबरोबर जाता-येता तेथील यंत्रे पाहून त्याला त्या कामाची गोडी लागली आणि त्याने औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आयटीआयमध्ये, वातानुकूलन यंत्रांच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. त्याने आपल्याकडे केवळ हत्यारांच्या पेटीची किंमत मागितली होती. आपला नियम पंचाहत्तर टक्क्यांचा. त्यामुळे अर्ज छाननीतच बाजूला पडला. तो नियम ज्या काळी झाला त्या काळी योग्यच होता. पैसा थोडा आणि अर्ज पुष्कळ असताना गुण हाच निःपक्षपाती निकष होता. पण सर्व अर्जदारांत आपल्याला काय करायचे आहे हे ज्याला निश्चित ठाऊक होते, असा तो एकच मुलगा होता आणि नेमका तोच आपल्या नियमात बसला नाही.

दुसरा अर्ज कराडकडील एका मुलीचा होता. तिची चित्रकला उत्तम. कापडावरील नक्षीचे शिक्षण कोठे मिळते, असे तिने शाळेत विचारले होते; तेथे कोणालाही सांगता आले नाही. यात शिक्षकांना दोष देता येणार नाही, कारण त्यांना तरी ते कोणी सांगितले होते? मी आयुष्य कापडात काढलेले असल्यामुळे मला ठाऊक होते की, दुकानात येणाऱ्या प्रत्येक ताक्यावरची नक्षी कोणीतरी काढलेली असते आणि तिचे मोल त्याला मिळते. मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात वस्त्रनक्षीचे शिक्षण मिळते. आपल्या शेजारी इचलकरंजीत वस्त्रोद्योगाचे अभियांत्रिकी शिक्षण देणारी डीकेटीईची संस्था १९८२ पासून चालू आहे. ही माहिती शाळेत नव्हती. ती बाजारपेठेत होती. आज मी जे सांगणार आहे त्याचे बीज या अनुभवात आहे. व्यवसायांचे ज्ञान व्यवसाय करणाऱ्यांपाशी असते आणि ते मुलांपर्यंत पोचवण्याची वाट आपण अजून बांधलेली नाही.

शंभर वर्षांपूर्वी आपल्या समाजापुढचा प्रश्न निराळा होता. खेड्यातील मुलाने शिकायला शहरात यावे तर राहावे कोठे आणि जेवावे कोठे? दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना १८९९ साली झाली आणि अण्णासाहेब लठ्ठे यांच्यासारख्या पुढाऱ्यांनी वसतिगृहे उभारून त्या प्रश्नाला उत्तर दिले. त्या पिढीने मुलांना शाळेच्या दारापर्यंत पोचवले. आज शाळा गावोगाव आहेत, महाविद्यालये तालुक्यातालुक्यांत आहेत. मुले शाळेच्या मागील दाराने बाहेर पडतात तेव्हा समोर पन्नास वाटा असतात आणि दिशा दाखवणारा फलक एकही नसतो. वसतिगृह हे त्या काळाचे समाजकार्य होते. दिग्दर्शन हे आजचे आहे.

या संदर्भात कर्मवीर भाऊराव पाटील यांचे स्मरण केल्यावाचून पुढे जाता येत नाही. त्यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे जैन कुटुंबात झाला. घराणे वाळवा तालुक्यातील ऐतवडे बुद्रुकचे. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहून त्यांनी शिक्षण घेतले, पण ते मॅट्रिक होऊ शकले नाहीत. त्यांनी साताऱ्यात शिकवण्या घेतल्या. ओगल्यांच्या काच कारखान्याचे आणि किर्लोस्करांच्या नांगरांचे विक्रेते म्हणून ते खेडोपाडी हिंडले. आजच्या निकषांवर त्यांनाही आपली शिष्यवृत्ती मिळाली नसती! पण त्या भटकंतीत त्यांनी रयतेचे दारिद्र्य आणि अज्ञान डोळ्यांनी पाहिले आणि आपले जीवितकार्य त्यांना त्यातच सापडले. १९१९ साली कराडजवळील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये ती साताऱ्यास आणली. तेथील वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, स्वतः स्वयंपाक करीत आणि श्रम करीत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहाचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. १९४० साली सुरू झालेल्या महाराजा सयाजीराव विद्यालयात मुले फीऐवजी श्रम देऊन शिकली आणि १९४७ साली छत्रपती शिवाजी महाविद्यालयाने ‘कमवा आणि शिका’ ही योजना महाविद्यालयीन शिक्षणात आणली. ‘स्वावलंबी शिक्षण’ हे संस्थेचे ब्रीद ठरले.

येथे एक शंका घेतली जाते आणि ती महत्त्वाची आहे. शाळेत कामाचे शिक्षण द्यावे असे म्हटले की विचारवंत म्हणतात, “म्हणजे गरिबाच्या मुलाने सुतारकाम शिकावे आणि श्रीमंताच्या मुलाने अभियंता व्हावे, असेच ना?” ही भीती निराधार नाही. आपल्याकडे कमी गुण मिळालेल्यांनाच तांत्रिक किंवा व्यवसाय अभ्यासक्रमाकडे ढकलले जाते आणि मग त्या शिक्षणालाच कमीपणा येतो. पण कर्मवीरांनी ही कोंडी फोडून दाखवली आहे. त्यांच्या बोर्डिंगमधील मुलाच्या एका हातात कुदळ होती आणि दुसऱ्या हातात पुस्तक. त्याच शाहू बोर्डिंगमधून बॅरिस्टर पी. जी. पाटील निघाले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. काम सर्वांना आणि पुढची दारेही सर्वांना उघडी, हे कर्मवीरांचे सूत्र होते. नव्वद टक्केवाल्या मुलानेही कानस आणि करवत हाती धरावी आणि पन्नास टक्केवाल्यासाठीही पदवीची वाट बंद होऊ नये, असा त्याचा आजचा अर्थ आहे.

शासनाने आणि शिक्षणतज्ज्ञांनी या दिशेने प्रयत्न केलेच नाहीत असे नाही. १९३७ च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी नई तालीमची कल्पना मांडली. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात कार्यानुभवाचा आग्रह धरला. आपल्या शाळांच्या वेळापत्रकात ‘कार्यानुभव’ हा विषय आलाही. परंतु पुष्कळ ठिकाणी त्याची कागदी फुले झाली आणि परीक्षा जवळ आली की तो तास गणिताने घेतला. उलट पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्री. शं. कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम स्थापन करून निराळा मार्ग दाखवला. तेथून सुरू झालेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुले आठवड्यातून एक दिवस प्रत्यक्ष काम करतात. बांधकाम-अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य अशा चारही क्षेत्रांतून प्रत्येक मूल, मग मुलगा असो वा मुलगी, फिरते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांच्या सहवासात शिकू द्यावे, असे म्हटले आहे. त्याच धोरणात बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या आधारे एक तुलना दिली आहे. एकोणीस ते चोवीस या वयोगटातील कामकरी तरुणांपैकी औपचारिक व्यवसाय-शिक्षण मिळालेले भारतात ५ टक्क्यांहून कमी, तर जर्मनीत ७५ टक्के आणि दक्षिण कोरियात ९६ टक्के. जर्मनीतील शिकाऊ तरुण आठवड्याचे काही दिवस कारखान्यात आणि काही दिवस व्यवसायशाळेत काढतो, आणि त्याला कोणी कमी लेखत नाही.

आता व्यवसाय-मार्गदर्शन या शास्त्राविषयी थोडे सांगतो. अमेरिकेत बोस्टन शहरी १९०८ साली फ्रँक पार्सन्स यांनी तरुणांसाठी व्यवसाय-मार्गदर्शन केंद्र सुरू केले. त्यांचा विचार साधा होता. पहिली पायरी म्हणजे स्वतःला ओळखणे, दुसरी म्हणजे कामांची ओळख करून घेणे आणि तिसरी म्हणजे या दोहोंचा विचारपूर्वक मेळ घालणे. शंभराहून अधिक वर्षे झाली, तरी या तीन पायऱ्या आजही पायाभूत मानल्या जातात. आपल्या राज्यात २०१६ साली दहावीच्या विद्यार्थ्यांची कल चाचणी सुरू झाली आणि पुढे काही वर्षे चालली. त्यात कृषी, कला व मानव्यविद्या, वाणिज्य, ललित कला, आरोग्य, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा अशी सात क्षेत्रे होती. ऋषभदेवांच्या सहा कर्मांशी ही यादी किती जुळते, हे सुज्ञांना सांगणे न लगे.

कल चाचणीचा हेतू चांगला होता. पण पार्सन्स यांच्या तीन पायऱ्यांपैकी ती पहिली पायरी होती. दुसरी पायरी वगळून तिसरीवर उडी मारता येत नाही. आमच्या धंद्यात रोजचा अनुभव असा आहे की, गिऱ्हाईकाला नुसते “काय हवे?” असे विचारले तर ते घुटमळते, समोर दहा थाने उलगडली की एका थानावर त्याचा हात आपोआप स्थिरावतो. ज्या मुलाने लेथ यंत्र फिरताना पाहिलेले नाही, परिचारिकेची रात्रपाळी पाहिलेली नाही, हळदीचा सौदा कसा निघतो ते पाहिलेले नाही, त्याला कागदावरच्या प्रश्नातून “तुला काय आवडते?” असे विचारले तर तो काय उत्तर देणार? आवड ही ओळखीतून जन्मते. म्हणून माझे सांगणे एवढेच आहे की आधी ओळख व्हावी, मग निवड व्हावी. आणि ही ओळख दहावीच्या निकालानंतर नव्हे, आठवीपासून व्हावी.

आपल्याच परिसरातील तीन उदाहरणे पाहा. लक्ष्मणराव किर्लोस्करांना चित्रकार व्हायचे होते. मुंबईच्या कलाशाळेत गेल्यावर लक्षात आले की त्यांना काही रंगांतील भेद ओळखता येत नाही. त्यांनी रंगकाम सोडले, पण रेखांकन सोडले नाही. ते यंत्रांच्या आरेखनाकडे वळले, मुंबईच्या तंत्रसंस्थेत शिक्षक झाले, बेळगावात सायकलींचे दुकान काढले, नांगर बनवले आणि १९१० साली औंध संस्थानच्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली. एक दार बंद झाले तेव्हा त्याच्या शेजारचे दार त्यांना दिसले, कारण यंत्रांशी त्यांची ओळख झालेली होती. दुसरे उदाहरण शेठ वालचंद हिराचंद यांचे. सोलापूरच्या जैन घराण्यातील या पुरुषाने कापूस आणि सावकारीचा वडिलोपार्जित व्यवसाय सोडून रेल्वेच्या कंत्राटांत उडी घेतली. पुढे जहाजे आणि विमानांच्या कारखान्यांपर्यंत त्यांचा हात पोचला. सांगलीत धोंडूमामा साठे यांनी १९४७ साली सुरू केलेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला १९५५ मध्ये त्यांचेच नाव मिळाले. गादी सोडणे म्हणजे घराणे सोडणे नव्हे, हे त्यांनी दाखवले. आणि तिसरे उदाहरण मिरजेच्या शिकलगारांचे. ते मूळचे शस्त्रे घडवणारे. शस्त्रांची मागणी ओसरली तेव्हा त्याच हातांनी त्यांनी तंतुवाद्ये घडवली. धंदा गेला तरी हाताचे कसब आणि डोळ्याची पारख वाया गेली नाही. ओगल्यांच्या ‘प्रभाकर’ कंदिलाने कधीकाळी घरोघरी उजेड पाडला. वीज आली, कंदील गेला आणि कारखानाही पुढे बंद पडला. आजच्या मुलांच्या आयुष्यात असे बदल एकदा नव्हे, तीन-चार वेळा येतील. म्हणून एका पदवीवर आयुष्य बेतण्यापेक्षा शिकत राहण्याची सवय त्यांना दिली पाहिजे.

पालक बंधू-भगिनींना दोन शब्द. आपण व्यापारी लोक मुलाला लहानपणापासून दुकानात बसवतो, हेही एक व्यवसाय-शिक्षणच आहे. आधी घडी घालणे, मग मीटरने मोजणे, मग माल ओळखणे, मग खरेदीला जाणे, अशी त्याची पायरी-पायरीने घडण होते. शाळेने यातून पुष्कळ घ्यावे. पण दुकान आहे म्हणून मुलाने तेथेच बसावे, हा आग्रह आता टिकणार नाही. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला, हिशेब संगणकावर गेले, गिऱ्हाईक मोबाइलवरून माल मागवू लागले. ज्याला दुकानात रस नाही तो हे सारे पेलणार नाही. आणि ज्याला रस आहे त्यानेही आता शिकूनच गादीवर बसले पाहिजे. मुलगा दुकानात राहिला तर तो स्वेच्छेने राहिलेला असावा. मुलींच्या बाबतीत तर “लग्न होईपर्यंत काहीतरी करू दे” हे वाक्य आपण आता सोडून द्यावे. ब्राह्मी आणि सुंदरी यांना विद्या मिळाली ती वेळ घालवण्यासाठी नव्हती. आणि लाखो रुपयांचे शिकवणी वर्ग लावण्याआधी, कर्ज काढण्याआधी, मुलाला त्या कामाची ओळख तरी आहे का, हे एकदा विचारावे. ज्या घरात डॉक्टर नाही त्या घरातील मुलाने चार दिवस एखाद्या रुग्णालयात बसून पाहावे, मग ठरवावे.

आता विश्वस्त मंडळापुढे काही विनम्र सूचना ठेवतो. पहिली सूचना अर्जाच्या नमुन्याविषयी. टक्केवारीच्या रकान्याखाली आणखी दोन रकाने असावेत. ‘कोणते काम प्रत्यक्ष पाहिले आहे?’ आणि ‘पुढे काय करावेसे वाटते व का?’ दुसरी सूचना शिष्यवृत्तीच्या नियमाविषयी. सुवर्णमहोत्सवी निधीच्या व्याजातील किमान एक तृतीयांश रक्कम आयटीआय, तंत्रनिकेतन, परिचर्या, कृषी पदविका आणि कलाशिक्षण यांसाठी, गुणांची अट न घालता, राखून ठेवावी. हत्यारांची पेटी हीसुद्धा पाठ्यपुस्तकाइतकीच पवित्र वस्तू मानावी. तिसरी सूचना आपणा सर्वांविषयी. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत आपली दुकाने, कारखाने, दवाखाने, शीतगृहे, द्राक्षबागा आणि लेखापालांची कार्यालये आठवी ते दहावीच्या मुलांसाठी पाच-पाच दिवस खुली व्हावीत. मुलांनी पाहावे, विचारावे, लिहून घ्यावे. कायद्याची मर्यादा आणि आपला धर्म, दोन्ही लक्षात घेऊन, त्यांना राबवून मात्र कोणी घेऊ नये. पालकांची लेखी संमती आणि एका शिक्षकाची उपस्थिती आवश्यक असावी. आणि ही दारे केवळ जैन मुलांसाठी नकोत. ज्या शाळेत आपली मुले शिकतात त्या शाळेतील सर्व मुलांसाठी ती उघडी असावीत. कर्मवीरांचा वारसा सांगायचा तर एवढे केलेच पाहिजे.

चौथी सूचना अशी की, प्रशिक्षित समुपदेशकाला निमंत्रित करून पालक व विद्यार्थी यांच्याशी एकत्र बैठक व्हावी. आणि ती निकालाच्या गडबडीत नव्हे, नववीच्या दुसऱ्या सत्रात व्हावी. त्या बैठकीला आई आणि वडील दोघांनीही यावे. पाचवी आणि शेवटची सूचना व्यापाऱ्याची आहे. उधारी दिली की आपण तिची खतावणी ठेवतो. शिष्यवृत्ती दिल्यावर मात्र त्या मुलाचे पुढे काय झाले, हे कोणी लिहून ठेवत नाही. प्रत्येक विद्यार्थ्याचे एक पान असावे. दोन वर्षांनी, पाच वर्षांनी त्याला विचारावे की बाबा रे, कोठे आहेस, मार्ग जुळला का, बदलावासा वाटतो का? ज्याला वाट बदलायची असेल त्याला पुन्हा एकदा मदत करावी. वाट बदलणारा मुलगा नापास झालेला नसतो. त्याला स्वतःची अधिक ओळख झालेली असते.

या सूचनांना फार मोठा निधी लागत नाही. लागतो तो आपला वेळ. दान म्हटले की आपल्याला धन आठवते. परंतु आपल्या परंपरेने आहार, औषध, अभय आणि ज्ञान अशी चार दाने सांगितली आहेत. आपल्या धंद्यातील वीस-तीस वर्षांचा अनुभव एखाद्या चौदा वर्षांच्या मुलासमोर मोकळेपणाने ठेवणे, हे मी ज्ञानदानच समजतो. असे करताना त्याला धंद्यातील नफ्याबरोबर नीतीही दिसेल; मोजमापात खोट नसावी, माल सांगितला तोच द्यावा, न्यायाने मिळवलेले धनच घरी यावे, हे पुस्तकातील धड्यापेक्षा दुकानाच्या पायरीवर अधिक चांगले समजते. अर्थात, त्यासाठी आपले दुकान तसे असले पाहिजे, हे ओघाने आलेच!

माझ्या दुकानाची दारे येत्या दिवाळीच्या सुट्टीपासून पहिल्या पाच विद्यार्थ्यांसाठी उघडी राहतील, हे मी या व्यासपीठावरून सांगतो. ज्यांना आपले नाव या यादीत लिहावयाचे असेल त्यांच्यासाठी सभागृहाच्या दाराशी एक वही ठेवली आहे. सुवर्णमहोत्सवाची ती नवी वही आज कोरी आहे. आपण घरी जाईपर्यंत ती कोरी राहू नये, अशी सर्वांना हात जोडून विनंती करतो.

 बोलण्यात कोणाचे मन दुखावले गेले असल्यास मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र!